मास्तरांचा पगार कोण भरत होते? मुंबई इलाख्यातील शाळा आणि सरकारी पैसा

इंग्रजी अमदानीतील शिक्षणाची चर्चा निघाली की ती बहुधा मेकॉलेवर, इंग्रजी भाषेवर किंवा पाठ्यपुस्तकांवर येऊन थांबते. पैशाचा हिशेब मात्र फारसा कोणी काढत नाही. वास्तविक कोणत्या गावात शाळा निघाली, ती किती वर्षे टिकली आणि तिथे शिकवायला कोण आले, या साऱ्या गोष्टी मास्तरांचा पगार कोणाच्या खिशातून निघतो यावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून होत्या. या लेखात तोच हिशेब मुंबई इलाख्यापुरता, म्हणजे मुख्यतः आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागापुरता, उलगडण्याचा प्रयत्न केला आहे. हा हिशेब पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की शंभराहून अधिक वर्षे खेड्यातील शाळेचा मुख्य भार रयतेने उचलला, खर्चाचे निर्णय मात्र रयतेपासून दूर झाले, आणि जिथे जिथे पैसा अपुरा पडला तिथे तिथे ती तूट मास्तरांच्या पगारातूनच भरून काढण्यात आली.

पेशवाई गेली तेव्हा शाळा नव्हत्या असे नाही. १८२० च्या दशकात सरकारने केलेल्या चौकशीत इलाख्यात सुमारे १,७०० शाळा आणि त्यांत सुमारे ३५ हजार मुले असल्याची नोंद झाली. यांपैकी बहुतेक शाळा पंतोजींच्या होत्या. पंतोजींना ठरलेला पगार नसे. मुलांच्या घरून महिन्याकाठी मिळणारे थोडे पैसे, सणावाराला मिळणारा शिधा, धान्य आणि मुलाची मुळाक्षरे किंवा उजळणी पुरी झाली की मिळणारी भेट, यांवर त्यांचा प्रपंच चाले. हे उत्पन्न तुटपुंजे आणि अनिश्चित होते, आणि ज्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जागाच नव्हती त्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था असून नसल्यासारखीच होती. त्यामुळे पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवायला हवे. पैसे देणारा आणि शिकवणारा यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. पुढच्या शतकात नेमके हेच बदलले.

सरकारी तिजोरीतून शिक्षणावर खर्च करण्याचे बंधन ईस्ट इंडिया कंपनीवर प्रथम १८१३ च्या सनदी कायद्याने आले. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मिळून वर्षाला किमान एक लाख रुपये, एवढीच ती तरतूद होती, आणि त्या पैशाच्या विनियोगाची रीतसर व्यवस्था लागायला १८२३ साल उजाडले. इकडे पुण्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांच्या दक्षिणेची, म्हणजे विद्वान ब्राह्मणांना दरसाल वाटल्या जाणाऱ्या दानाची, रक्कम सर्वस्वी बंद न करता तिच्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू करवली. मुंबईत ‘नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ने शाळा काढल्या, मास्तर तयार केले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवले. १८४० साली तिचे काम सरकारने नेमलेल्या शिक्षण मंडळाकडे गेले. या मंडळापुढे पहिल्या दिवसापासून एकच अडचण होती : गावोगाव शाळा हव्या होत्या, पण तेवढ्या मास्तरांना पोसण्याइतकी रक्कम सरकार देत नव्हते. म्हणून १८५० च्या आसपास ‘अर्ध-स्वावलंबी’ शाळांची योजना पुढे आली. गावाने मास्तरांचा निम्मा पगार वर्गणीने उभा करायचा, शाळेला जागा द्यायची आणि उरलेला निम्मा पगार सरकारने द्यायचा, असा हा करार होता. कागदावर तो न्याय्य दिसतो. परंतु ज्या गावात दोन हंगाम पाऊस चुकला की सारासुद्धा थकत असे, त्या गावाकडून दरमहा नियमित वर्गणी येईल ही अपेक्षाच चुकीची होती. वर्गणी थकली की मास्तरांच्या हाती निम्माच पगार पडे.

१९ जुलै १८५४ चा सर चार्ल्स वुड यांचा खलिता हा या कथेतील मोठा टप्पा आहे. या खलित्यानुसार प्रत्येक प्रांतात विद्याखाते स्थापन झाले. मुंबई इलाख्यात ते १८५५ साली अस्तित्वात आले. सर्व शाळा सरकारने स्वतः चालवणे शक्य नाही, म्हणून खासगी शाळांना मदत द्यावी, हे सूत्र या खलित्याने घालून दिले. हीच ती ‘ग्रँट’. ती मिळण्यासाठी शाळेची व्यवस्था पाहणारी जबाबदार मंडळी असावीत, मुलांकडून थोडी का होईना पण फी घ्यावी आणि सरकारी तपासणी मान्य करावी, अशा अटी होत्या. धर्मशिक्षणाकडे सरकार लक्ष देणार नव्हते, त्यामुळे मिशनच्या शाळांनाही ग्रँट मिळू शकत होती. ग्रँट ही पूर्ण खर्चाची भरपाई नव्हती, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. जो आधी स्वतः काही पैसा उभा करील त्याच्या पैशात सरकार भर घालणार होते. याचा परिणाम असा झाला की जिथे वकील, व्यापारी, सरकारी नोकर होते आणि फी भरण्याची ऐपत होती, तिथल्या शाळांना सरकारी पैसा मिळाला. ज्या वस्तीत पाच रुपये गोळा होणे कठीण होते तिथे ग्रँटही पोहोचली नाही.

ही गोष्ट खुद्द सरकारच्याही लक्षात आली. १८५९ साली विलायतेहून आलेल्या खलित्यात ग्रँटची पद्धत प्राथमिक शिक्षणाला लागू पडत नाही असे मान्य करण्यात आले आणि त्यासाठी जमिनीवर वेगळी स्थानिक पट्टी बसवावी असे सुचवण्यात आले. त्याप्रमाणे मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून घेणे सुरू झाले आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के स्वरूप मिळाले. या एका आण्यापैकी दोन-तृतीयांश रक्कम रस्ते आणि इतर बांधकामांसाठी, तर एक-तृतीयांश शाळांसाठी होती.

हे आकडे एका साध्या हिशेबाने समजून घेता येतील. एखादा शेतकरी वर्षाला ४८ रुपये सारा भरत असेल, तर त्याला वर ४८ आणे, म्हणजे ३ रुपये, लोकल फंड भरावा लागे. त्यातला १ रुपया शाळांच्या वाट्याला येई. आता मास्तरांना दरमहा १० रुपये पगार द्यायचा असेल तर वर्षाला १२० रुपये लागतात. एवढी रक्कम केवळ या पट्टीतून उभी करायची तर ५,७६० रुपये सारा भरणारे गाव हवे. लहान कोरडवाहू खेड्याच्या आवाक्याबाहेरची ही गोष्ट होती. म्हणून अनेक गावांची पट्टी एकत्र होई आणि त्यातून एखाद्या मोठ्या गावाला शाळा मिळे. उरलेली गावे पट्टी भरत राहत, पण त्यांची मुले शाळेविना राहत. सारा सर्वांकडून आणि शाळा काहींना, हा या व्यवस्थेतील मूळ अन्याय होता असे मला वाटते, आणि त्यासाठी कोणाच्याही मनात वाईट हेतू असण्याची गरज नव्हती. पट्टीचा दरच तसा ठरवलेला होता.

याच सुमारास आणखी एक पद्धत इंग्लंडहून आली. तिकडे १८६२ च्या संहितेने शाळांची मदत मुलांच्या परीक्षेच्या निकालाला बांधली होती, आणि त्या धर्तीवर मुंबई इलाख्यातही १८६० च्या दशकाच्या मध्यापासून निकालावर ग्रँट देण्यास सुरुवात झाली. वर्षातून एकदा तपासणीला साहेब किंवा दिपोटी (डेप्युटी इन्स्पेक्टर) यायचे, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन, गणित अशा विषयांत परीक्षा घ्यायचे आणि जितकी मुले जितक्या विषयांत उतरली त्या हिशेबाने शाळेला रुपये मिळायचे. सरकारच्या दृष्टीने यात मोठी सोय होती, कारण दिलेल्या पैशाचा मोबदला मोजता येत होता. शाळेच्या दृष्टीने मात्र वर्षभराचे उत्पन्न एका दिवसावर येऊन ठेपले. परिणामी जे विचारले जाणार तेवढेच घोकून घेण्याकडे कल वाढला आणि कच्च्या मुलांकडे दुर्लक्ष होऊ लागले. शाळेच्या हातात नसलेल्या गोष्टींचीही शिक्षा तिला भोगावी लागली. १८९६ पासूनची प्लेगची साथ आणि १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ यांनी गावेच्या गावे उठली. मुले परीक्षेला बसलीच नाहीत तर त्यांच्या निकालाचे पैसे कुठून येणार होते? अखेर लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील १९०४ च्या ठरावाने ही पद्धत सोडून देण्याचे धोरण जाहीर झाले, आणि ठरावीक ग्रँटीचा मार्ग मोकळा झाला. जवळपास चार दशके या प्रयोगाने खाल्ली.

या साऱ्या काळात मास्तरांच्या पगाराविषयी सर्वांत नेमके बोलणारा माणूस विद्याखात्यातला नव्हता. १८८२ साली सरकारने सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला, आणि त्या आयोगापुढे जोतीराव फुले यांनी पुण्याहून लेखी निवेदन सादर केले. त्यातील युक्तिवाद शिक्षणाच्या महतीवर नव्हे, तर सरकारी उत्पन्नावर उभा आहे. राज्याच्या तिजोरीचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो, श्रीमंत आणि वरच्या वर्गांचा त्यातील वाटा नगण्य आहे, मग त्या पैशाचा मोठा हिस्सा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. इलाख्यातील सुमारे नऊ-दशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली.

मास्तरांविषयी त्यांनी जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. प्राथमिक शाळांतील मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले आणि बाकीचे अप्रशिक्षित आहेत, त्यांचा पगार क्वचितच १० रुपयांच्या वर जातो आणि त्यांची तयारीही बेताचीच असते, असे त्यांचे निरीक्षण होते. चांगले लोक हवे असतील तर पगार १२ रुपयांहून कमी असू नये आणि मोठ्या गावांत तो १५ ते २० रुपये असावा, असे त्यांनी सुचवले. त्याबरोबरच गावाचे हिशेब तपासणे, दस्तांची नोंदणी, टपालाचे काम किंवा स्टँपची विक्री अशी कामे मास्तरांकडे द्यावीत, म्हणजे गावात त्यांचे वजन वाढेल, असेही ते म्हणतात. पुढे अनेक खेड्यांत शाळामास्तरच थोड्या भत्त्यावर टपालाचे काम पाहताना दिसतात. जास्त मुले पास करणाऱ्या मास्तरांना पगाराव्यतिरिक्त वेगळा भत्ता मिळावा अशीही त्यांची सूचना होती. निकालावरच्या ग्रँटीशी हिची गल्लत करू नये. फुल्यांच्या योजनेत पोटापुरता पगार आधी निश्चित होता आणि निकालाचे बक्षीस त्याच्या वर होते. सरकारी पद्धतीत शाळेची मदतच निकालावर टांगलेली होती. पगाराची मागणी करताना त्यांनी मास्तरांची बाजू घेतली, आणि त्याच निवेदनात ते मास्तर कोणत्या जातीतून येतात व शेतकऱ्याच्या मुलाला ते कसे वागवतात हा प्रश्नही सोडला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणणारे लोक त्या काळात फार थोडे होते.

हंटर आयोगाने प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्यावा असे म्हटले खरे, पण सक्तीची शिफारस केली नाही. प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्ड (ग्रामीण भागाचा स्थानिक कारभार पाहणारी मंडळे) यांच्याकडे सोपवाव्यात ही त्याची मुख्य शिफारस, आणि १८८४ पासून मुंबई इलाख्यात तसे होत गेले. ग्रामीण पट्टीचा पैसा शहरांतील शाळांवर खर्च होऊ नये म्हणून दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत अशीही शिफारस त्यात आहे, आणि रयतेच्या तक्रारीत तथ्य होते याचा तो एक पुरावा मानता येईल. मात्र जबाबदारी खाली सरकली तशी उत्पन्नाची साधने सरकली नाहीत. लोकल बोर्डाकडे तोच एक आणा होता.

आता याच विद्याखात्याचा वरचा मजला पाहू. १८९६ साली खात्यातील वरिष्ठ जागांची विभागणी झाली : विलायतेत भरती होणारी ‘इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस’ आणि इथे भरती होणारी प्रांतिक सेवा. पहिल्या सेवेचा पगार दरमहा ५०० रुपयांपासून सुरू होऊन वाढत १,००० पर्यंत जाई. म्हणजे नुकत्याच रुजू झालेल्या एका विलायती प्राध्यापकाच्या पगारात १२ रुपयांचे चाळीसहून अधिक मास्तर बसले असते. वर्णभेद केवळ भरतीत होता असेही नाही. १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांना त्याच कामासाठी युरोपियन प्राध्यापकापेक्षा कमी पगार देऊ करण्यात आला, तेव्हा त्यांनी तीन वर्षे पगारच घेतला नाही. शेवटी सरकारला पूर्ण पगार मागील बाकीसह द्यावा लागला. ज्याला अशी तीन वर्षे काढणे शक्य नव्हते त्याला मिळेल ते घ्यावे लागत होते.

पुण्यात याच काळात तिसरी एक वाट निघाली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे सेवा करायची आणि दरमहा ७५ रुपयांवर समाधान मानायचे, असा नियम होता. गोपाळ कृष्ण गोखले याच नियमाने राहिले आणि १९०२ साली ३० रुपये पेन्शनवर निवृत्त झाले. सदस्यांनी बाहेरचे उत्पन्न किंवा बाहेरची कामे घ्यावीत की नाहीत या प्रश्नावर वाद विकोपाला गेला आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी संस्था सोडली. या त्यागाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ७५ रुपये हा पदवीधरांचा स्वेच्छेने स्वीकारलेला कमी पगार होता, तर १० रुपये हा व्हर्नाक्युलर फायनल (मराठी शाळेची शेवटची परीक्षा) झालेल्या खेड्यातील मास्तरांवर लादलेला पगार होता, आणि शिक्षकाने त्यागी असावे ही अपेक्षा पुढे समाजाने या दोघांकडूनही सारखीच केली.

गोखल्यांनी हा प्रश्न पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात नेला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या नगरपालिका किंवा लोकल बोर्डे तयार असतील त्यांनी आपल्या हद्दीत मुलांना शाळा सक्तीची करावी, आणि होणाऱ्या खर्चाचा दोन-तृतीयांश भाग सरकारने, एक-तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावा, अशी त्याची अतिशय मवाळ रचना होती. खरे पाहता हे विधेयक पगार कोणी भरायचा यासंबंधीच होते, कारण सक्ती म्हणजे नवे वर्ग आणि नवे वर्ग म्हणजे नवे मास्तर. १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सक्तीची वेळ आलेली नाही आणि पैसा नाही, ही सरकारची मुख्य कारणे होती. त्याच्या तीनच महिने आधी दिल्ली दरबारात शिक्षणासाठी ५० लाख रुपयांची घोषणा झाली होती.

विधेयक पडल्यानंतर २१ फेब्रुवारी १९१३ रोजी हिंदुस्थान सरकारने शैक्षणिक धोरणाचा ठराव प्रसिद्ध केला. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला दरमहा किमान १२ रुपये मिळावेत, त्याच्या पगाराला श्रेणी असावी, त्याला पेन्शन किंवा प्रॉव्हिडंट फंड मिळावा आणि एका शिक्षकाकडे पन्नासहून अधिक मुले नसावीत, असे त्यात म्हटले आहे. १८८२ साली फुल्यांनी जो किमान आकडा सांगितला होता तोच आकडा एकतीस वर्षांनी सरकारी धोरण झाला. तोही फक्त प्रशिक्षित शिक्षकांसाठी आणि केवळ ‘मिळावेत’ या स्वरूपात, कारण खर्च प्रांतांनी आणि बोर्डांनी करायचा होता. मधल्या काळात भाव वाढले होते, आणि वर्षभराने सुरू झालेल्या महायुद्धाने धान्य-कापडाचे भाव इतके चढवले की १२ रुपयांना फारसा अर्थ उरला नाही.

पैशाअभावी सक्ती अशक्य आहे हे म्हणणे सर्वस्वी खरे नव्हते, याचे दाखले शेजारीच होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांपुरता कायदा झाला, आणि १९२३ च्या कायद्याने सक्तीच्या वाढीव खर्चाचा दोन-तृतीयांश भाग लोकल बोर्डांना आणि निम्मा नगरपालिकांना देण्याचे सरकारने मान्य केले. गोखल्यांचे गणित अकरा वर्षांनी कायद्यात आले, असे म्हणता येईल.

पण तोवर पैशाची वाट आणखी अरुंद झाली होती. १९२१ पासून द्विदल राज्यपद्धतीत, म्हणजे प्रांताची काही खाती मंत्र्यांकडे आणि काही गव्हर्नरांकडे राखीव अशा व्यवस्थेत, शिक्षण हे लोकनियुक्त मंत्र्यांच्या खात्यांत आले. मुंबई इलाख्यात रँग्लर र. पु. परांजपे हे पहिले शिक्षणमंत्री झाले. तिजोरीच्या किल्ल्या मात्र गव्हर्नरांच्या राखीव खात्याकडे होत्या, आणि मंत्र्यांकडे दिलेल्या खात्यांत भरघोस उत्पन्न देणारे खाते अबकारीचे, म्हणजे दारूचे होते. दारूबंदी करावी तर शाळांचा पैसा जातो आणि शाळा वाढवाव्यात तर दारू विकली जायला हवी, अशा कोंडीत हे मंत्री सापडले. १९३७ साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा महात्मा गांधींनी याच कोंडीवर बोट ठेवले, आणि वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या परिषदेत मुलांच्या हस्तोद्योगाच्या उत्पन्नातून शिक्षकांचा पगार निघावा ही कल्पना मांडली गेली. या परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने शिक्षकाला शक्यतो २५ रुपये आणि कोणत्याही परिस्थितीत २० रुपयांहून कमी नाही, असा पगार सुचवला.

ही योजना मांडणाऱ्यांचा हेतू थोर होता, आणि हाताने काम करण्याला शाळेत प्रतिष्ठा देण्याचा तिचा विचार मोलाचाच आहे. परंतु मुलांनी कातलेल्या सुतावर मास्तरांचा पगार काढणे ही गोष्ट मला पटत नाही. त्यात निकालावरच्या ग्रँटीचाच धोका वेगळ्या रूपाने येतो, कारण मुलाच्या हातून किती निघते यावर शिकवणाऱ्याचे पोट पुन्हा अवलंबून राहते. त्या वेळच्या अनेक शिक्षणतज्ज्ञांनीही नेमका हाच आक्षेप घेतला होता. युद्धोत्तर शिक्षणाची आखणी करणाऱ्या १९४४ च्या सरकारी सार्जंट अहवालाने हा मार्ग बाजूला ठेवला. त्याने हस्तोद्योगातून शिकण्याची कल्पना घेतली, त्यावर पगार काढण्याची नाही, आणि प्राथमिक शिक्षकासाठी दरमहा ३० रुपयांपासून ५० रुपयांपर्यंतची श्रेणी सुचवून तिचा खर्च थेट सार्वजनिक तिजोरीवर टाकला.